मातीच्या खडकाची साक्ष

स्वित्झर्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, जुरा पर्वताच्या वळ्या जेथे फ्रान्सच्या सरहद्दीकडे उतरत जातात तेथे, सँ-उर्सान नावाचे एक मध्ययुगीन गाव आहे, आणि त्या गावाजवळच्या मॉन्ट टेरी या डोंगराच्या पोटातून मोटाररस्त्याचा एक बोगदा जातो. या बोगद्याला समांतर असा एक अरुंद सुरक्षा-बोगदा आहे. अपघातप्रसंगी प्रवाशांची सुटका करता यावी हा त्याचा हेतू. परंतु डोंगर आरपार उघडा पडल्यामुळे भूवैज्ञानिकांना एक गोष्ट प्रत्यक्ष पाहावयास मिळाली : वरच्या आणि खालच्या चुनखडीसारख्या थरांतून पाणी वाट काढीत असताना, त्यांच्यामध्ये तिरपा पसरलेला काळसर राखाडी रंगाचा एक मातीचा खडक मात्र कोरडाच्या कोरडा राहिला होता. १९९६ साली या सुरक्षा-बोगद्याच्या भिंतीत काही कोनाडे खोदून तेथे संशोधनास प्रारंभ झाला. आज त्या ठिकाणी अनेक देशांतील वीसहून अधिक संस्थांनी चालविलेली, स्वित्झर्लंडच्या सरकारी भूमापन खात्याच्या देखरेखीखाली असलेली एक विस्तीर्ण भूमिगत प्रयोगशाळा उभी आहे. येथे अणुकचरा साठविला जात नाही, आणि पुढेही साठविला जाणार नाही, असा दंडकच आहे. अणुभट्ट्यांचा अत्यंत घातक कचरा अशा खडकाच्या हवाली करावा काय, या एकाच प्रश्नाची तहकीकात येथे गेली तीन दशके अखंड चालली आहे.

या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येण्यासाठी त्या कचऱ्याचे स्वरूप थोडे समजून घेतले पाहिजे. अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या जळित इंधनात शेकडो प्रकारचे किरणोत्सारी अणू असतात आणि त्यांपैकी प्रत्येकाची मुदत निराळी असते. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे. म्हणजे तीनशे वर्षांत त्याचा हजारावा हिस्साच काय तो शिल्लक उरतो, आणि तीनशे वर्षे ही मानवी इतिहासाला पेलवणारी मुदत आहे. पण प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षांचे आहे, आणि आयोडीन-१२९ चे तर दीड कोटी वर्षांहूनही अधिक. कोणतीही राजवट, कोणताही पहारेकरी, कोणतीही भाषा इतका काळ टिकल्याचा दाखला नाही. म्हणून पहाऱ्याचे काम माणसाकडून काढून घेऊन ते भूगर्भाकडे सोपवावे, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू सर्वमान्य झाला. त्यापूर्वी कमी तीव्रतेचा कचरा पिंपांत भरून अटलांटिक महासागरात लोटण्याची प्रथा काही युरोपीय देशांनी चालविली होती, आणि १९८२ पर्यंत स्वित्झर्लंडही त्यांत सामील होता, ही गोष्ट येथे नमूद करणे भाग आहे. कारण आजच्या या चिकाटीच्या अन्वेषणामागे त्या बेफिकिरीची जाणीवही असली पाहिजे, असे मला वाटते.

स्विस शास्त्रज्ञांची पहिली पसंती मातीला नव्हती. कणखरपणा म्हणजेच सुरक्षितता, या स्वाभाविक समजुतीनुसार, अणुकचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘नाग्रा’ या संस्थेने आरंभी ग्रॅनाइटसारख्या स्फटिकमय खडकांचा शोध घेतला, आणि १९८५ मध्ये सरकारला सादर केलेला तिचा पहिला मोठा अहवाल त्याच खडकांवर आधारलेला होता. परंतु उत्तर स्वित्झर्लंडमध्ये खोल छिद्रे घेत असताना भूगर्भाने एक अनपेक्षित उत्तर दिले. वायआख येथे १९८३ मध्ये घेतलेल्या छिद्रात, जेथे ग्रॅनाइट लागावयाचा तेथे कोळशाचे थर असलेली एक प्राचीन, खोल, गाळाने भरलेली खोबण सापडली. स्फटिकमय खडकाचा उपयोगी प्रदेश मानला होता त्याहून पुष्कळच लहान निघाला, आणि जो होता त्याच्या फटींचा नकाशा पृष्ठभागावरून काढणे दुर्घट ठरले. १९८८ मध्ये सरकारने गाळाच्या खडकांचीही तपासणी करण्याची आज्ञा केली. कणखर खडक भंगतो आणि भंगलेला तसाच राहतो. पाणी त्या भंगांतूनच धावते. या उलट जो खडक दाबाखाली थोडा वाकतो, मिटतो, आपले व्रण आपणच भरून काढतो, तो दुबळा दिसला तरी दीर्घकाळाच्या हिशेबात अधिक विश्वासू ठरू शकतो, हा धडा त्या दशकाने दिला.

‘ओपॅलिनस क्ले’ या नावाने ओळखला जाणारा हा खडक सुमारे १७.४ कोटी वर्षांपूर्वी, मध्य युरोपावर पसरलेल्या एका उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या बारीक गाळापासून बनला. ज्या शंखधारी प्राण्याच्या ओपलसारख्या चकाकणाऱ्या जीवाश्मांवरून त्यास हे नाव मिळाले, त्याचे ठसे आजही त्यात सापडतात. उत्तर स्वित्झर्लंडमध्ये त्याची जाडी शंभर मीटरांच्या आसपास आहे, आणि विस्मयाची गोष्ट म्हणजे मैलोगणती अंतरावरही त्याचे स्वरूप फारसे बदलत नाही. त्याचा निम्म्याहून अधिक अंश मृत्तिका-खनिजांचा. बाकीचा क्वार्ट्झ आणि चुन्याचा. तो सच्छिद्र नाही असे नव्हे. उलट त्याच्या घनफळाचा सहावा-सातवा हिस्सा पाण्याने भरलेल्या पोकळीचाच असतो. पण त्या पोकळ्या इतक्या सूक्ष्म, मीटरच्या काही अब्जांश भागांइतक्या अरुंद, आणि त्यांतील बरेचसे पाणी खनिजांच्या पापुद्र्यांना इतके घट्ट चिकटलेले, की ते वाहू म्हटले तरी वाहू शकत नाही. प्रयोगांत आढळलेली त्याची जलवाहकता सेकंदाला मीटरच्या दहा लाख कोटींव्या भागाच्या आसपास आहे. म्हणजे पाण्याला पुढे ढकलणारा दाब चांगला भक्कम असला तरीही वर्षाकाठी त्याची चाल मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागांचीच. अशा ठिकाणी विरघळलेला पदार्थ पुढे जातो तो प्रवाहाबरोबर नव्हे, तर विसरणाने, अणू-रेणूंच्या निरुद्देश हालचालीमुळे. आणि विसरणाचा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दहापट अंतराला शंभरपट काळ लागतो, हा निसर्गनियमच शंभर मीटर जाडीच्या या थराची खरी तटबंदी होय.

खनिजांचे आणखी एक सामर्थ्य आहे. मृत्तिका-खनिजांच्या पापुद्र्यांवर ऋण विद्युत्भार असतो, त्यामुळे धनभारित अणू, उदाहरणार्थ सीझियम, त्यांना चिकटून बसतात. युरेनियम आणि प्लुटोनियम तेथील प्राणवायुविरहित परिस्थितीत अशा अवस्थेत जातात की ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. अडचण होते ती आयोडीनची. तो ऋणभारित असतो, खनिजे त्यास धरून ठेवीत नाहीत, आणि त्याचे आयुष्य तर अतिदीर्घ. म्हणूनच लाखो वर्षांपुढचा हिशेब मांडणाऱ्या शास्त्रज्ञांच्या वहीत बाहेर निसटणाऱ्या घटकांच्या यादीत आयोडीन-१२९ चे नाव अग्रभागी येते. स्विस नियामक संस्थेने घातलेली मर्यादा अशी की गाडलेल्या कचऱ्यामुळे कोणाही व्यक्तीस वर्षाला ०.१ मिलिसीव्हर्टहून अधिक किरणोत्सर्ग पोचता कामा नये. निसर्गातून जगभरच्या माणसाला सरासरीने वर्षाकाठी सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट पोचतच असतो. अतितीव्र कचऱ्याच्या बाबतीत हिशेब मांडावयाचा तो दहा लाख वर्षांचा.

आपला व्रण आपण भरणे म्हणजे काय, हे दख्खनच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वैशाखात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो, आणि मृगाचे दोन-चार चांगले पाऊस झाले की त्या भेगांचा मागमूस राहत नाही. या फुगण्याचे कारण काळ्या मातीतील जी खनिजे, त्यांच्याच कुळातील खनिजे ओपॅलिनस खडकातही अल्प प्रमाणात आहेत, आणि कचऱ्याच्या डब्याभोवती जी बेंटोनाइटची माती दाबून भरावयाची तिच्यात तर ती भरपूर असतात. बोगदा खोदला की भोवतालच्या खडकावरील दाब एकाएकी कमी होतो, आणि एखाद-दोन मीटर खोलीपर्यंत तो तडकतो. या तडकलेल्या पट्ट्यातून पाण्याला राजमार्ग मिळेल की काय, ही आरंभीची मोठी धास्ती होती. मॉन्ट टेरीत या तड्यांवर मापके बसवून वर्षानुवर्षे नोंदी ठेवण्यात आल्या. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ते उघडतात आणि उन्हाळ्याच्या दमट हवेत मिटतात, असे दिसले. पुढे त्या पट्ट्यात मुद्दाम पाणी सोडून, वरून दाब देऊन पाहिले, तेव्हा त्याची जलवाहकता अनेक पटींनी खाली आली. तड्यांची खूण राहते, वाट मात्र बंद होते.

या खडकाचा अभ्यास करणे सोपे नाही. साध्या खडकात छिद्र घेताना पाते थंड ठेवण्यासाठी पाणी सोडतात. येथे पाणी सोडले की छिद्राची भिंत फुगून चिखल होते आणि ज्या पाण्याचा अभ्यास करावयाचा तेच बाटते. म्हणून येथे बहुतेक छिद्रे हवेच्या झोतावर घ्यावी लागतात. छिद्रात उतरविलेली उपकरणे दोन्ही बाजूंनी फुगीर रबरी बुचांनी बंद करून मधल्या जागेत ओळख पटेल अशी द्रव्ये, जड हायड्रोजन, आयोडाइड, कोबाल्ट, सीझियम, अत्यल्प प्रमाणात सोडतात आणि मग केवळ वाट पाहतात, महिने नव्हे तर वर्षे. अखेरीस त्या छिद्राभोवतीचा सारा खडक मोठ्या व्यासाच्या पात्याने दंडगोलासारखा कापून काढतात, त्याचे पातळ काप करतात, आणि कोणते द्रव्य किती आत शिरले ते मोजतात. इतक्या प्रतीक्षेनंतरही बहुतेक द्रव्यांची मजल सेंटीमीटरांतच मोजावी लागते.

येथे सुज्ञ वाचकाच्या मनात जी शंका येईल तीच या शास्त्राच्या मर्मस्थानी आहे. दहा वर्षांच्या प्रयोगावरून दहा लाख वर्षांचा निकाल कसा द्यावा? गणिताने मुदत लांबविता येते हे खरे, पण गणित चुकीच्या गृहीतावर उभे असेल तर ते तितक्याच निश्चिंतपणे चुकीचे उत्तर देते. या शंकेला मिळालेले उत्तर मला सगळ्या प्रकरणातील सर्वांत मोलाचे वाटते. तो प्रयोग निसर्गाने आधीच करून ठेवला आहे, आणि त्याची नोंद खडकाच्या दप्तरी सुरक्षित आहे.

ही नोंद आहे छिद्रजलाची, म्हणजे खडकाच्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेल्या पाण्याची. मॉन्ट टेरी येथे या थराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ठिकठिकाणी घेतलेल्या पाण्याचे पृथक्करण केले, तेव्हा आढळले की मध्यभागी ते, समुद्राच्या पाण्याइतके नसले तरी, चांगलेच खारट आहे. आणि दोन्ही कडांकडे जाता जाता तो खारेपणा एका सुबक वक्ररेषेत उतरत जातो. थराच्या वरच्या आणि खालच्या खडकांत डोंगर उचलला जाऊन झिजल्यानंतर गोडे पाणी खेळू लागले. तेव्हापासून आतील मीठ त्या दोन्ही बाजूंना हळूहळू पाझरत आहे, आणि लक्षावधी वर्षे लोटूनही मध्यभागीचा प्राचीन खारेपणा अजून धुऊन निघालेला नाही. प्रयोगशाळेत मोजलेला विसरणाचा वेग घेऊन गणित मांडले की जी वक्ररेषा निघते, ती या नैसर्गिक वक्ररेषेशी जुळते. पाण्यातील हेलियम वायूच्या आणि हायड्रोजन-प्राणवायूच्या समस्थानिकांच्या नोंदीही त्याच दिशेने बोट दाखवितात. प्रवाहाने जर कधी या थरातून वाट काढली असती, भूकंपाने त्यास आरपार चिरून ती चीर उघडी ठेवली असती, तर ही रेषा अशी अखंड राहिली नसती. मॉन्ट टेरीच्या थरातून तर एक भ्रंशही गेलेला आहे. तो ओलांडतानाही रेषा मोडत नाही. परक्या साक्षीदारांनी स्वतंत्रपणे दिलेल्या जबान्या परस्परांशी मिळाव्यात, तशी ही रुजवात आहे, आणि पुराव्याचा कायदा जाणणाऱ्या कोणासही तिचे वजन कळेल.

आणखी दूरचे साक्षीदारही आहेत. आफ्रिकेतील गॅबन देशात ओक्लो येथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमच्या समृद्ध साठ्यात निसर्गतःच अणुविखंडनाची साखळी पेटली होती, हे १९७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांनी उघडकीस आणले. त्या नैसर्गिक भट्ट्यांतून उत्पन्न झालेली अनेक मूलद्रव्ये आजवर जागच्या जागी राहिली आहेत, आणि भट्ट्यांभोवती मातीचे वेष्टन आढळते. कॅनडातील सिगार लेक येथील युरेनियमचा अतिसमृद्ध साठा सव्वाशे कोटींहून अधिक वर्षे मातीच्या आवरणात असा झाकून राहिला आहे की पृष्ठभागावर किरणोत्सर्गाची चाहूलही लागत नाही. ओक्लोची मूळ परिस्थिती ओपॅलिनस खडकापेक्षा अगदी भिन्न असल्यामुळे हे दाखले प्रमाण म्हणून नव्हे, पूरक म्हणूनच घ्यावयाचे, आणि शास्त्रज्ञही ते तसेच घेतात.

खडकाची बाजू इतकी भक्कम असली तरी प्रतिपक्षाचे म्हणणे ऐकून घेणे अवश्य आहे, आणि मॉन्ट टेरीतील पुष्कळसे श्रम त्याच कामी खर्च झाले आहेत. जळित इंधन अनेक दशके निवविल्यावरही उष्ण असते. ही उष्णता खडक सोसील काय हे पाहण्यासाठी ५० मीटर लांबीचा एक बोगदा खऱ्या भांडारासारखा सजवून, त्यात खऱ्या डब्यांच्या आकाराचे तीन विजेचे तापक ठेवून, भोवती बेंटोनाइटचे दाणे भरून, तो बंद करण्यात आला. २०१५ च्या सुमारास तापविण्यास प्रारंभ झाला, आणि तापकांच्या पृष्ठभागाचे तापमान शंभर अंशांच्या बरेच पुढे गेले. तापलेले पाणी खडकाहून अधिक प्रसरण पावते, पण त्यास निसटायला वाट नसते, म्हणून छिद्रजलाचा दाब चढतो. तो किती चढतो आणि किती काळाने उतरतो, हे शेकडो मापकांनी नोंदले जात आहे. दुसरी हरकत वायूची. पोलादी डबे प्राणवायूविना गंजतात तेव्हा हायड्रोजन निघतो, आणि इतक्या घट्ट खडकात तो कोंडला तर खडकच फाटेल, ही भीती अनाठायी नव्हती. जी अभेद्यता गुण म्हणून वाखाणावी तीच येथे दोष होऊन उभी राहते. तपासाअंती असे दिसले की वायू दाबाने सूक्ष्म वाटा काढून निघून जातो आणि त्याच्यामागे त्या वाटा पुन्हा मिटतात. शिवाय खोदलेल्या छिद्रांत साठलेल्या पाण्यात जीवाणूंची एक संपूर्ण वसाहत आढळली, जी हायड्रोजनवरच गुजराण करते आणि सल्फेटाचे सल्फाइड बनविते. हायड्रोजन खाल्ला जातो हे चांगले; सल्फाइड धातूला खाते हे वाईट. खडकाच्या मूळ सूक्ष्म छिद्रांत या जीवाणूंना शिरकाव नाही, त्यांना जागा मिळते ती माणसाने खोदलेल्या पोकळीत. म्हणून भरावाची माती किती घट्ट दाबावी, हा प्रश्न आता जीवशास्त्राचाही झाला आहे.

मातीवर भिस्त ठेवणारा स्वित्झर्लंड एकटा नाही. बेल्जियममध्ये मोल येथे १९८० पासून, २२५ मीटर खोलीवरील मऊ, लवचिक अशा ‘बूम क्ले’मध्ये प्रयोगशाळा खोदण्यात आली, इतक्या मऊ मातीत इतक्या खोलवर बोगदा टिकेलच याची त्या वेळी खात्री नसल्याने जमीन गोठवून खोदाई करावी लागली. फ्रान्सने १९९१ च्या कायद्यानंतर बुर या खेड्याजवळ सुमारे ४९० मीटर खोलीवर, १६ कोटी वर्षांपूर्वीच्या मातीच्या खडकात प्रयोगशाळा उभारली, आणि तेथील भांडाराच्या बांधकामाचा अर्ज जानेवारी २०२३ मध्ये दाखल झाला. बुरच्या परिसरात या योजनेस दीर्घकाळ तीव्र विरोध होत आला आहे, आणि खडकाचे शास्त्र कितीही निर्दोष असले तरी त्या विरोधाचे उत्तर केवळ शास्त्राने देता येणार नाही.

स्वित्झर्लंडमधील जागेच्या निवडीचा इतिहास मात्र सविस्तर सांगण्याजोगा आहे. मध्य स्वित्झर्लंडमधील वेलेनबर्ग येथे कमी तीव्रतेच्या कचऱ्याचे भांडार करण्याचा बेत त्या परगण्याच्या मतदारांनी १९९५ आणि २००२ मध्ये, दोनदा फेटाळला. पुढे ओपॅलिनस खडकाचे तीन प्रदेश विचारात उरले. २०१५ मध्ये नाग्राने त्यांपैकी नॉर्डलिख लेगर्न हा प्रदेश बाजूस ठेवण्याची शिफारस केली. तेथे खडक फार खोल आहे, बोगदे बांधणे अवघड जाईल, असा तिचा मुद्दा होता. नियामक संस्थेने हा मुद्दा पुरेशा पुराव्याने सिद्ध झालेला नाही असे म्हणून फेरतपासणीची मागणी केली, आणि सरकारने तिन्ही प्रदेश कायम ठेवले. त्यानंतर तिन्ही ठिकाणी खोल छिद्रे घेण्यात आली. सप्टेंबर २०२२ मध्ये नाग्राने आपली निवड जाहीर केली, ती नेमक्या त्याच नॉर्डलिख लेगर्नची. छिद्रजलाची साक्ष तेथे सर्वांत स्वच्छ निघाली होती, आणि जी खोली दोष म्हणून मांडली गेली होती तीच भावी हिमयुगातील हिमनद्यांच्या खरवडीपासून संरक्षण ठरत होती. एखाद्या संस्थेचा अभिप्राय दुसरीने अडवावा, पहिलीने तो अडथळा मानून घ्यावा, जमिनीत पुन्हा उतरून पाहावे आणि आपला निष्कर्ष उघडपणे फिरवावा, हे माझ्या मते त्या खडकाच्या अभेद्यतेइतकेच सुरक्षिततेचे साधन आहे. टीकाकारांना मात्र याच फेरबदलातून पहिल्या निष्कर्षाच्या कच्चेपणाची आठवण होते, आणि ती आठवण जागी ठेवणे हेही आवश्यकच.

आपल्याकडे हा प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. तारापूर येथे १९६९ पासून वीजनिर्मिती करणारे अणुकेंद्र असल्यामुळे महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. भारताचे धोरण जळित इंधनावर पुनर्प्रक्रिया करून उपयोगी अंश परत मिळविण्याचे. उरलेला अतितीव्र द्रव तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कम येथे काचेत मुरवून घनरूप केला जातो, आणि थंड होण्यासाठी देखरेखीखाली ठेवला जातो. त्याच्या अंतिम विसाव्याच्या जागेचा विचार येथे प्रामुख्याने ग्रॅनाइटच्या संदर्भात झाला आहे. कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर तापकाचे प्रयोगही झाले. पण ग्रॅनाइट निवडला तरी डब्याभोवती भरावयाची माती लागतेच, आणि पश्चिम भारतातील फुगणाऱ्या मातींचा त्या दृष्टीने अभ्यास झालेला आहे. मॉन्ट टेरीत मातीविषयी जे ज्ञान साठत आहे त्याचा वाटा आपल्याही पदरी येणार आहे, ही समाधानाची बाब होय.

नॉर्डलिख लेगर्नच्या भांडारासाठी मंजुरीचा अर्ज नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारकडे दाखल झाला. त्याची छाननी, संसदेचा निर्णय, आणि मागणी झाल्यास सार्वमत, असा पुढचा मार्ग आहे. प्रत्यक्ष कचरा खाली उतरू लागण्यास या शतकाचा मध्य उजाडेल. स्विस कायद्याने आणखी एक तजवीज केली आहे. मुख्य भांडाराशेजारी एक छोटे नमुना-भांडार ठेवावयाचे, त्यात कचऱ्याचा थोडासा भाग ठेवून दीर्घकाळ निरीक्षण करावयाचे, आणि भांडार कायमचे बंद होईपर्यंत कचरा फार सायास न पडता परत काढता येईल अशी व्यवस्था राखावयाची. शेवटचे दार लावण्याचा हुकूम आजची सरकारे देणार नाहीत. तो अधिकार ज्यांच्या हाती जाईल ती माणसे अद्याप जन्मलेली नाहीत, आणि मॉन्ट टेरीतील मापकांच्या नोंदी आज ज्या नेटाने जपल्या जात आहेत त्या मुख्यतः त्यांच्यासाठी.